पट्टा बांधून झाडावर

काकासाहेब वाकचौरे यांच्या फाटकाजवळचा शिरीष मेला आहे, हे सगळ्या कॉलनीला मान्य होतं. महापालिकेला तेवढं पटवून द्यायचं राहिलं होतं.

झाडाला पालवी फुटणं केव्हाच बंद झालं होतं. साल गळून खोड हाडासारखं पांढरं पडलं होतं आणि वारा सुटला की वरच्या फांद्या एकमेकींवर आपटून कडकड वाजायच्या. त्यातली सगळ्यात जाड फांदी भिंत ओलांडून थेट शेजारच्या गनीभाईंच्या पत्र्याच्या शेडवर गेलेली होती. गनीभाई त्या शेडमध्ये कूलर दुरुस्त करत. कॉलनी ज्या भागात होती त्या सावेडीत उन्हाळा जरा लवकरच येतो, त्यामुळे होळीपासूनच त्यांच्याकडे कूलरची रांग लागलेली असे. एका दुपारी मनगटाएवढी एक वाळकी काटकी पत्रा फोडून खाली आली आणि गनीभाई ज्या कूलरला पंखा बसवत होते त्याच कूलरच्या टाकीत उभी राहिली.

गनीभाई काटकी घेऊन काकासाहेबांकडे आले. रागावले नव्हते. ते रागावत नसत, हीच त्यांची अडचण होती. माणूस रागावला तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

"काकासाहेब," ते म्हणाले, "तुमचं झाड माझ्यावर नेम धरून बसलंय. आज वीतभर चुकलं. वळवाच्या वाऱ्यात चुकणार नाही."

राजेश्वरीबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी काटकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अहो, ही भाईंच्या डोक्यात बसली असती म्हणजे?" एवढंच विचारलं आणि कप ठेवून निघून गेल्या. काकासाहेबांना तो चहा काही केल्या गोड लागला नाही.

काकासाहेब फोन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर ते एक्स्चेंजमध्ये आत बसले. खांबावर चढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. पण खांबावर चढणारे कसे चढतात, पाय कुठे ठेवतात, वरून काय दिसतं, याबद्दल त्यांना कमालीचं कुतूहल होतं. मुळात त्यांना कुतूहल नव्हतं अशी गोष्टच कमी. औषधाच्या डबीतला घडीचा कागद ते औषधाच्या आधी घ्यायचे. नवा मिक्सर आणला तेव्हा त्यांनी माहितीपुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत घरात चटणी झाली नव्हती.

तर, झाड काढायचं ठरलं आणि काकासाहेब महापालिकेच्या उद्यान विभागात गेले. अर्जात एक रकाना होता : झाड मृत झाले असल्यास कारण. काकासाहेबांनी विचार करून 'वार्धक्य' लिहिलं. समोरच्या क्लार्कने मान हलवली.

"वार्धक्य म्हटलं की वय आलं. वयाचा पुरावा आहे?"

"झाडाच्या?"

"मग कुणाच्या?"

शेवटी 'कारण अज्ञात' यावर तडजोड झाली. दुसऱ्या एका रकान्यात झाडावर पक्ष्यांची घरटी आहेत का, असं विचारलं होतं. काकासाहेबांनी घरी येऊन, मान दुखेपर्यंत वर बघून, 'नाहीत' असं भरलं.

मग हरकती मागवण्यासाठी झाडावर नोटीस लागली. जिवंतपणी त्या शिरीषाकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं; आता येणारा जाणारा थांबून नोटीस वाचू लागला. समोरच्या मनकर्णाबाईंनी रीतसर हरकत घेतली : त्यांच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक त्या झाडाला बांधलेलं असून, झाड गेल्यास टोकाचं काय करायचं ते अर्जदाराने सांगावं. काकासाहेबांनी स्वतःच्या भिंतीत एक हूक ठोकून दिला. हूक दोनदा निखळला, तिसऱ्यांदा भिंतीचा गिलावा घेऊन निखळला, चौथ्यांदा बसला. हरकत मागे घेतली गेली आणि परवानगी आली. तोडणी सुरू होताना विभागातून कुणीतरी येऊन पाहून जाईल, असं त्यात म्हटलं होतं.

झाडं उतरवणारा बजरंग पारनेरकडचा. सोबत त्याची बायको भीमाबाई. तो वर चढायचा, ती खाली दोर सांभाळायची. बऱ्याच वर्षांची जोडी होती आणि टेम्पोतून उतरल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्दही न बोलता कामाला लागली. बजरंगने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टॉवेल डोक्याला गुंडाळला, कुऱ्हाड कमरेला मागे खोचली आणि बिडी पेटवून तो थेट खोडाला भिडला.

"थांबा, थांबा!" काकासाहेब ओरडले. "हेल्मेट कुठंय?"

बजरंगने पुरुषभर उंचीवरून खाली पाहिलं. "कशाला?"

"डोक्यावर काही पडलं म्हणजे?"

"काय पडंल? वर तं मीच हाय."

या युक्तिवादात कुठे खोट आहे ते काकासाहेबांना चटकन सापडेना. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. "आणि तुम्हीच पडलात तर?"

"त्याला हेल्मेट काय करनार? आन् मी पडत न्हाई."

"आजपर्यंत कधीच?"

बजरंगने बिडीचा झुरका घेतला. भीमाबाई दोराची गुंडाळी सोडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "दोनदा. एकदा चिंचंवरनं, एकदा नारळावरनं. नारळाला बरगडी गेल्ती."

"ते पडनं न्हाई. ते उतरनं हुतं," बजरंग म्हणाला. "जरा लवकर उतारलो."

काकासाहेबांनी त्याला खाली यायला लावलं. सुरक्षेचं सामान आल्याशिवाय आपल्या झाडाला हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बजरंगने बिडी विझवून कानामागे ठेवली. उद्या येतो म्हणाला. आपण फार जबाबदारीने वागलो असं काकासाहेबांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर ते सामान असतं तरी कसं, हे बघायची त्यांना घाई झाली होती.

त्यांचा मेहुणा वाल्मिक एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात होता. संध्याकाळी तो घरी जाता जाता पोतंभर सामान टाकून गेला. पिवळं हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, कातडी हातमोजे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, आणि अंगभर बांधायचा पट्टा. या पट्ट्याला खांद्यावरून, छातीवरून आणि मांड्यांखालून जाणारे इतके फाटे होते की तो हातात धरला की आपण काहीतरी उलटं धरलंय असंच वाटे. वाल्मिक घाईत होता. "पाठीवर कडी येते, तिथं दोर लावायचा. बाकी सोपं आहे," असं तो मोटारसायकलवरूनच म्हणाला.

पहिल्यांदा पट्टा घातला तेव्हा कडी काकासाहेबांच्या पोटावर आली. दुसऱ्यांदा ती बगलेत गेली. तिसऱ्या वेळी डावा हात मांडीच्या फासातून बाहेर आला आणि तिथेच राहिला. राजेश्वरीबाई मालिका थांबवून हे बघत होत्या.

"लग्नातल्या घोड्याला घालतात तसलं काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या.

"आधी माझा हात सोडव."

"कात्री आणू?"

"कारखान्याचं आहे ते!"

अखेर बसला. कडी बरोबर पाठीवर आली, छातीचा चाप लागला, मांड्यांचे फास आवळले गेले. काकासाहेब त्याच अवतारात हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आले. एक वेगळाच भरवसा वाटत होता. कुणीतरी पाठीला धरून ठेवलंय असा. दोर लावून खरोखर लटकलं तर कसं वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि जाईना.

सकाळी बजरंगसमोर सामान मांडलं तेव्हा भीमाबाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग नुसत्याच हसल्या.

"माजं लगीन हाय का?" बजरंग म्हणाला. त्याने बूट उचलून पाहिला, ठोकला, परत ठेवला. "ह्ये घालून पायाला झाडच कळायचं न्हाई. आन् ह्यो पट्टा. ह्यानं मला पेललं न्हाई तर? मधल्या मधी तुटला म्हंजी?"

"तुम्हालाच काय, मलाही पेलेल. कारखान्याचा आहे."

"मंग दावा."

"काय?"

"तुमी घाला. लटका. तुमाला पेललं तर मी घालतो. सबूद."

तोपर्यंत फाटकाशी कॉलनीतली बरीच मंडळी जमली होती. गनीभाई पान्हा हातात घेऊन भिंतीवर टेकले होते. मनकर्णाबाई ओले कपडे घेऊन आल्या होत्या आणि वाळत घालायचं विसरल्या होत्या. सगळ्यांनी काकासाहेबांकडे पाहिलं. एका निवृत्त सरकारी नोकराने सकाळी सकाळी झाडाला लटकावं का, हा प्रश्न प्रतिष्ठेचा होता. काकासाहेबांनी तो प्रतिष्ठेचा असल्यासारखा चेहरा केला, थोडे आढेवेढे घेतले, आणि मनातल्या मनात इतके खूश झाले की त्यांना ते लपवायला खाकरावं लागलं.

त्यांनी सगळं चढवलं. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बूट, पट्टा. बजरंगने दोर एका दमात वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकला. एक टोक काकासाहेबांच्या पाठीवरच्या कडीला बांधलं. दुसरं टोक त्याने, भीमाबाईंनी आणि गनीभाईंनी धरलं.

"सावकाश हं," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "काल रात्री पोट बिघडलं होतं त्यांचं."

ही माहिती त्या वेळी, त्या जमावासमोर देण्याची काहीच गरज नव्हती, असं काकासाहेबांचं आजही मत आहे.

दोर ताणला गेला. बुटांचे चवडे जमिनीवरून सुटले. काकासाहेब वर जाऊ लागले आणि जाता जाता सावकाश स्वतःभोवती फिरूही लागले. आधी स्वतःचं घर दिसलं, मग रस्ता, मग गनीभाईंची शेड, पुन्हा घर. भिंतीच्या वर आले तेव्हा टाळ्या पडल्या. "बास!" त्यांनी वरून सांगितलं. "पेलतोय! आता उतरवा!"

खालच्यांनी दोर सैल सोडला. काकासाहेब होते तिथेच राहिले. ओढताना दोरातली एक गाठ बेचक्यात चढून बसली होती. आता ती खाली यायला तयार नव्हती आणि वरही जाईना.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं पाय झाडा. कुणी म्हणालं मुळीच झाडू नका. मनकर्णाबाईंनी फायर ब्रिगेडचं नाव काढलं. एकाने मोबाईल वर धरला आणि म्हणाला, "काका, जरा इकडं वळा." वळणं काकासाहेबांच्या हातात नव्हतं, पण ते आपोआप वळले आणि फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेला.

"मी चढून सोडवतो," बजरंग म्हणाला. "तुमी हालू नगा."

काकासाहेब हलत नव्हते, फिरत होते. मात्र भीती वाटण्याऐवजी त्यांचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं. वरून जग वेगळंच होतं. स्वतःच्या स्लॅबवर एक चेंडू, एक तुटकी बादली आणि राजेश्वरीबाईंनी हरवली म्हणून वर्षभर शोधलेली किसणी पडली होती. किसणी स्लॅबवर कशी गेली? हा विचार चालू असतानाच ते पुन्हा झाडाच्या बाजूला वळले आणि नाकासमोर, खोडाला, एक भोक आलं. खालून ते फांदीआड लपायचं. नारळ जाईल एवढी ढोली होती. काकासाहेबांनी फांदीला धरून फिरणं थांबवलं आणि आत डोकावले.

आतून कुणीतरी बाहेर डोकावत होतं.

दोन पिवळे गोल डोळे, त्यांच्यावर रागीट भुवया. काकासाहेबांनी गॉगल वर केला, नीट पाहिलं, आणि नको ते केलं. हातमोजा घातलेलं बोट आत सरकवलं. बोट पकडलं गेलं. कातड्यातून चिमटा जाणवला. तेवढ्यात मागून पंखांचा सपकारा आला आणि हेल्मेटवर टक्कन आवाज झाला.

"पिंगळा!" काकासाहेब ओरडले. "पिंगळ्याचं घरटं आहे! पिल्लं आहेत आत!"

नेमक्या त्याच वेळी फाटकाशी स्कूटी थांबली. उद्यान विभागाच्या निरीक्षक पंकजा मॅडम परवानगीची प्रत घेऊन आल्या होत्या. तरुण होत्या, डोक्यावर ऊन आणि हातात कामं भरपूर होती.

"अर्जदार कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम वर बोट केलं.

पंकजा मॅडमनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वाकचौरे काका, तोडणी तुम्ही स्वतः करताय?"

"नाही, मॅडम. मी ट्रायल आहे."

"अर्जात तुम्ही लिहिलंय, घरटी नाहीत."

"खालून दिसत नव्हती." पुन्हा टक्कन आवाज झाला. "वरून दिसतायत."

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग त्यांनाही राहवलं नाही. "किती पिल्लं आहेत?"

"तीन. नाही, थांबा, एक मागे आहे. चार!"

"डोळे उघडलेत?"

"उघडलेत. माझ्याकडंच बघतायत."

"पंख फुटलेत का नुसती लव आहे?"

"लव आहे. कडेला जरा पंखासारखं काहीतरी... थोडं गरगरतंय हो मला!"

अशा रीतीने तो पंचनामा अधांतरी झाला. मॅडम खालून विचारत होत्या, काकासाहेब वरून सांगत होते, आणि लटकलेल्या माणसाने इतक्या तपशिलाने उत्तरं दिल्याचा महापालिकेला बहुधा तो पहिलाच अनुभव असावा.

बजरंग एव्हाना वर पोचला होता. बेचक्याला हात घालतो तोच पिंगळीण त्याच्यावर आली. टॉवेल उडाला. दुसऱ्या खेपेला तिने टाळूवर नखं मारली. रक्ताचा थेंब कपाळावर ओघळला.

"आयला! साहेब, ते टोपडं द्या इकडं!"

"माझ्या डोक्याचं काय?"

"तुमी काय काम करत न्हाई!"

हे खरंच होतं. काकासाहेबांनी हेल्मेट काढून दिलं. बजरंगने ते घातलं, निवांत गाठ सोडवायला घेतली, आणि पिंगळिणीने काकासाहेबांच्या टकलाचा ताबा घेतला. खाली येईपर्यंत त्यांनी तिचे तीन मार खाल्ले. जमिनीला पाय लागले तेव्हा त्यांना उभं राहता येईना. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. राजेश्वरीबाईंनी टकलावर हळद दाबली. लोक हसत होते. काकासाहेबांना आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं कुणाला काही सांगावंसंही कधी वाटलं नव्हतं. "भुवया अगदी आपल्या आत्यासारख्या आहेत गं," ते बायकोच्या कानात म्हणाले.

पंकजा मॅडम फोनवर वनखात्याशी बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, "पिल्लं उडेपर्यंत खोडाला आणि ढोलीला हात लावायचा नाही. शेडवरची फांदी तेवढी काढा, ती ढोलीपासून लांब आहे. मशीन नको. हातकरवतीनं, आवाज न करता, लवकर."

गनीभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांना भीती होती ती त्या एका फांदीचीच.

आता बजरंग हेल्मेटाला नाही म्हणेना. उलट पट्टी हनुवटीखाली त्याने स्वतःच घट्ट केली. हातमोजेही चढवले. पण पट्ट्यापाशी पुन्हा अडला. "टोपडं ठीक, ती हानती म्हनून. पट्टा कशाला? ती काय मला ढकलून देनार?"

भीमाबाईंनी दोर खाली ठेवला. "सायबांनी लटकून दावलं. तू सबूद दिल्ता."

"आगं, पन..."

"सबूद दिल्ता."

बजरंगने पट्टा घातला. बुटांना त्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही. काकासाहेबांनीही तिथे हार मानली. पाठीवरच्या कडीचा दोर त्याने वर पोचल्यावर बेचक्यातून खाली सोडला आणि भीमाबाईंनी तो बुडाशी खोडाला वेढा देऊन बांधला. फांदीला दुसरा दोर टाकला. तो खाली गनीभाई आणि तिघा-चौघांनी धरला. करवत चालू झाली. पिंगळीण दोनदा येऊन हेल्मेटवर आपटून गेली, मग समोरच्या तारेवर बसून चिरचिरत राहिली.

काकासाहेब भिंतीला टेकून वर बघत होते. करवतीचा भुसा उन्हात खाली येत होता. निम्मी फांदी कापून झाली असेल-नसेल, तोच आतून बंदूक उडावी तसा आवाज आला. फांदी आतून पोकळ होती. ती बजरंगच्या अंदाजाच्या आधीच मोडली. दोरवाल्यांनी तिला शेडपासून बाजूला खेचलं, पण तिचं तुटकं बूड उसळून मागे आलं आणि बजरंगच्या डोक्यावर बसलं. बजरंग फांदीवरून निसटला.

काकासाहेबांना त्याचे अनवाणी तळवे हवेत दिसले. दोर ताणल्याचा एक खट् आवाज झाला. फांदी धाडकन काकासाहेबांच्या फाटकावर पडली आणि फाटक बिजागऱ्यांसकट आडवं झालं, पण तिकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बजरंग दोराला लोंबकळत होता. मान खाली, हात सुटलेले.

मनकर्णाबाईंच्या हातून कपडे खाली पडले. भीमाबाई खोडाशी उभ्या होत्या. दोराची गाठ त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. काकासाहेबांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती : काल मी त्याला तसंच चढू दिलं असतं तर.

मग वरून आवाज आला. "आरं, दोर सोडा की हळूहळू. का बघतच बसनार हाय?"

त्याला उतरवून घेतलं. गनीभाईंनी खांद्याला धरून बसवलं. हेल्मेटला माथ्यापासून कडेपर्यंत तडा गेला होता. डोकं मात्र शाबूत होतं. "कानात घंटी वाजतीया," बजरंग म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. भीमाबाई पुढे आल्या, त्यांनी त्याच्या दंडावर एक जोराची बुक्की मारली, मग आणखी एक मारली, आणि त्याच्याशेजारी मातीत बसून रडू लागल्या. बजरंग कावराबावरा झाला. त्याने कानामागची बिडी काढली, बघितली आणि पुन्हा ठेवून दिली.

गनीभाईंनी दोघांना रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, दोन दिवस उंचावर चढू नका म्हणून सांगितलं. संध्याकाळी काकासाहेब मोडक्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. पिंगळीण तारेवरून ढोलीत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. आतून चिकचिक ऐकू येत होती. ती काय भरवत असेल, हे खालून दिसायला मार्ग नव्हता, आणि काकासाहेबांना ते फार लागलं.

तडा गेलेलं हेल्मेट पाहून वाल्मिक म्हणाला, एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत. कारखान्याला दुसरं द्यावं लागेल. म्हणून काकासाहेब दुसऱ्या दिवशी माणिक चौकाकडे एका हार्डवेअरच्या दुकानात निघाले. फाटकात, म्हणजे जिथे फाटक होतं तिथे, भीमाबाई उभ्या होत्या.

"ते टोपडं कुठं भेटतं, सायेब? मला बी एक घ्यायचं हाय. त्यांच्यासाठी."

दोघं मिळून गेली. दुकानदाराने काउंटरवर चार-पाच प्रकार मांडले. भीमाबाईंनी एकेक उचललं, उलटं केलं, आत हात घालून दाबलं, वास घेतला. "ह्यातलं मार कुठलं खातं?"

"सगळी खातात, मावशी. गॅरंटी आहे."

"घालून दाखवा."

"म्हणजे?"

"तुमी घाला. मी मारून बघते."

दुकानदार एक पाऊल मागे सरकला. अशी पद्धत नसते, असं तो म्हणाला. आयएसआयचा शिक्का बघा, म्हणाला. भीमाबाईंना शिक्क्याशी घेणं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून कालचं तुटकं बूडच असावं. त्या हेल्मेट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि हे आज सुटायचं नाही हे दुकानदाराला कळून चुकलं.

काकासाहेबांनी त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं. डोक्यावर चढवलं, मागची पट्टी टकलावर बसेल अशी घट्ट केली, हनुवटीखालचा चाप लावला. दुकानाच्या दाराशी कुदळीचे नवे दांडे उभे करून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी भीमाबाईंच्या हातात दिला आणि काउंटरला धरून मान ताठ केली.

"मारा," ते म्हणाले.

"आवो काका!" दुकानदार ओरडला.

भीमाबाईंनी पदर खोचला आणि दांडा घातला. दुकानातले खिळ्यांचे डबे वाजले. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"लागलं का हो, सायेब?" भीमाबाईंनी घाबरून विचारलं.

काकासाहेब डोळे मिटून उभे होते, काहीतरी ध्यानात ठेवत असल्यासारखे.

"पुन्हा एकदा मारा बरं," ते म्हणाले. "पहिल्या वेळी माझं लक्ष आवाजाकडं होतं."